वाढवायचं हाय

कसबा बावड्यातल्या बायडाबाईच्या घरात कधी काही फुटत नसे, मोडत नसे आणि विझत नसे. म्हणजे घरातली भांडीकुंडी काय लोखंडाची होती असं नव्हे. बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, 'वाढवायचा'. नारळ फोडायचा नाही, तोही वाढवायचाच. तसं आपल्याकडं सगळ्याच घरांत असं बोलतात, पण बायडाबाईचं प्रकरण जरा कडक होतं. एकदा तिची सून क्रांती, "आत्या, कपबशी फुटली," असं बोलून गेली, तर बाईनं भाकरी तव्यावर तशीच करपू देऊन सुनेकडून तीनदा 'वाढली' वदवून घेतलं.

गल्लीत भाजी विकणारी धोंडुबाई तर मुद्दाम दारात येऊन ओरडायची, "बायडाबाई, माझी पाटी मोडली गं! न्हाय न्हाय, चुकलं, वाढली गं बाई वाढली!" आणि पदर तोंडाला लावून खिदळायची.

"हास, हास भवाने," बायडाबाई म्हणायची. "वास्तू तथास्तु म्हणत असती. वंगाळ बोललीस आन् नेमकं त्याच वक्ताला तिनं ऐकलं, मग बस बोंबलत."

तिचा नवरा केरबा गेला, त्या दिवशी जमलेल्या बायकांनी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाढवल्या होत्या. त्यालाही शब्द तोच. तेव्हापासून या शब्दावर तिचा रागही होता आणि भरवसाही होता.

घरात माणसं तीनच. बायडाबाई, तिचा एकुलता एक लेक अमरसिंह आणि सून क्रांती. अमरसिंह दुधाचा टँकर घेऊन मुंबईला जायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परतायचा. क्रांती पन्हाळ्याकडची, बारावी शिकलेली आणि तोंडाची अशी की म्हशींशीसुद्धा गप्पा मारायची. सासूसुनेचं दिवसातनं चार वेळा वाजायचं आणि पाचव्या वेळी दोघी एकाच ताटलीत चुरमुरे खायच्या.

दोन हजार तीन साल. गणपतीच्या सुमारास क्रांतीला दिवस राहिले. बायडाबाईनं गल्लीभर साखर वाटली. तिसरा महिना लागला तशी सुनेचं नाव घालायला तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं रक्त घेतलं आणि पुढच्या आठवड्यात दोघींना एका वेगळ्या खोलीत बोलावलं. टेबलामागं एक तरुण बाई होती, सुष्मिताताई म्हणून. तिनं आधी क्रांतीला विचारलं, सासूबाईंच्या समोर सांगितलं तर चालेल का. क्रांतीनं मान हलवली. ताईनं खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं की क्रांतीच्या रक्तात एचआयव्ही सापडलाय.

तो शब्द बायडाबाईला ठाऊक होता. एसटी स्टँडाच्या भिंतीवर कवटी काढून त्याखाली लिहिलेला असायचा. ताई पुढं बोलतच होती, "घाबरू नका, बाळासाठी एक गोळी..." पण बायडाबाई उठली होती. सुनेचा दंड धरून तरातरा बाहेर. क्रांती वळून वळून मागं बघत होती, कारण तिला ते गोळीचं पुरतं ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमरसिंह आला. आईनं उलथनं हातात घेऊनच विचारलं, "कुठनं आणलंस रं हे?" तो उंबऱ्यावर बसला. "आई, चुकलो," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. उलथन्याचे दोन फटके बसले. तिसऱ्याला बायडाबाईनं उलथनं खाली टाकलं. पोटचा गोळा होता, करणार काय?

आता बायडाबाईच्या मनानं एकच घेतलं. हे पोर रोग घेऊनच येणार आणि येताना सुनेला घेऊन जाणार. लेक तर धोक्यात आलाच होता, निदान सून तरी वाचली पाहिजे. म्हणजे पोट रिकामं करायचं. पेठेतल्या एका खाजगी डॉक्टरकडं गेली, तर त्यानं कागद बघितला आणि खुर्चीच मागं सरकवली. "असल्या पेशंटचं आम्ही करत नाही," म्हणाला. सरकारी दवाखान्यात जावं, तर गल्लीतलीच एक बाई तिथं आया होती. बायडाबाईच्या हिशेबानं दिवेलागणीच्या आत सगळ्या बावड्याला कळलं असतं आणि उद्यापासून तिच्या म्हशींचं दूधही कुणी घेतलं नसतं.

क्रांती म्हणाली, "आत्या, मला हे पायजे. त्या ताई गोळीचं कायतरी सांगत हुत्या. एकदा जाऊन इचारू या की."

"गप बस. तुला काय कळतंय?"

"मग तुमाला तरी काय कळतंय?"

त्या दिवशी चुरमुऱ्यांची ताटली निघाली नाही.

धोंडुबाईला रोगाचं काही सांगितलं नाही. "सध्या घरात नको हाय," एवढंच सांगितलं. धोंडुबाईनं इकडंतिकडं बघून पत्ता दिला. "नेसरीला जा. शांतव्वा म्हणून म्हातारी हाय, लिंगायताची. पूर्वी लई पोटं रिकामी केल्यात तिनं. लांब हाय, तवा कुणाला वास लागायचा न्हाय."

बायडाबाई एकटीच निघाली. कोल्हापूर ते गडहिंग्लज एक एसटी, तिथनं नेसरीला दुसरी. वाटभर ती तोंडातल्या तोंडात घोकत होती की म्हातारीला काय सांगायचं. दोनच शब्द होते, पण एकदाही नीट म्हणता आले नाहीत.

शांतव्वा सोप्यात बसून शेंगा फोडत होती. कपाळावर इभूत, गळ्यात लिंग आणि केस पांढरेफेक. घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलायची, पण समोरच्या बाईला हाक मात्र कन्नडातली, 'यव्वा'.

"बा यव्वा, बस. काय पायजे?"

"सून हाय माझी. तिसरा म्हैना चाललाय."

"बेस हाय की!"

"न्हाय... म्हंजे तसं न्हाय." 'पाडायचं हाय' हे शब्द बायडाबाईच्या जिभेच्या टोकापर्यंत आले आणि तिथंच बसले. पन्नास वर्षांत ज्या बाईनं बांगडीला फुटली म्हटलं नाही, तिनं आपल्या वंशाच्या पोराला तसलं काय म्हणावं? वर आढं होतं. दुसऱ्याचं का असेना, पण घर होतं, आणि घराला वास्तू असते. शेवटी तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "तिचं पोट... वाढवायचं हाय."

शांतव्वाच्या हातातली शेंग हातातच राहिली. "वाढवायचं?"

"व्हय."

"नक्की वाढवायचं?"

"व्हय म्हंतीया की! वाढवायचं. लवकर वाढवायचं. आन् कुणाला कळू न देता."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं. "हौदु," म्हणाली, म्हणजे होय. मग आत गेली. बऱ्याच वेळानं एकवीस पुड्या घेऊन बाहेर आली. "रोज सकाळी एक पुडी. म्हशीच्या दुधातनं. वर तूपभात घाल. जड उचलू दिऊ नको. रागं भरू नको. एक पुडी चुकली तर गुण यायचा न्हाय."

बायडाबाईला वाटलं, औषध भलतंच जालीम दिसतंय, म्हणून तर अंगात ताकद पाहिजे. तिनं म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं.

घरी येऊन सुनेला म्हणाली, "ताकदीचं हाय." आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलल्यासारखी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

पुढचे एकवीस दिवस काय विचारता! पाटीभर शेण उचलायचं ते बायडाबाई उचलायची. धुणं तीच धुवायची. सुनेला तूपभात, सुनेला घट्ट दूध, सुनेला गादी. रागं भरायचं नाही म्हणून ओठ चावून गप्प बसायची, तर क्रांतीच कावरीबावरी व्हायची. "आत्या, बरं वाटत न्हाय व्हय तुमाला? सकाळधरनं एक शिवी न्हाय दिलीसा."

क्रांती पेला तोंडाला लावायची, मिटक्या मारायची आणि म्हणायची, "गोड हाय की!" आणि बायडाबाई दाराआड उभी राहून बघायची. आज होईल, उद्या होईल. नऊ दिवस झाले, बारा झाले. काही होईना. उलट पोरीचे गाल वर आले, उलट्या थांबल्या आणि पोळ्यातल्या बैलाला नसेल अशी तुकतुकी अंगावर चढली. पंधराव्या दिवशी बायडाबाईला राहवलं नाही. पेला हातातनं ओढत म्हणाली, "ऱ्हाऊ दे आज."

"का म्हणून? एक पुडी चुकली तर गुण येत न्हाय म्हणालता की," म्हणत क्रांतीनं पेला गटागटा रिकामा केला आणि वर ओठावरची दुधाची मिशी सासूला दाखवून हसली. बायडाबाई गोठ्यात गेली आणि म्हशीच्या गळ्यात पडून पोटभर रडली. म्हशीनं तिचा पदर चघळला.

बाविसाव्या दिवशी बाई पुन्हा नेसरीत हजर. सोप्यात पाय ठेवायच्या आधीच तोफ सुटली, "शांतव्वा, औषध खोटं तुझं!"

"खोटं? वाढलं न्हाय?"

"वाढलं की! तेच तर सांगतीया! टम्म वाढलंय! लुगड्यात मावंना झालंय!"

"मग वराडतीस कशाला यव्वा? वाढवायचं म्हणालतीस."

"अगं वाढवायचं म्हंजे..." बायडाबाईनं आजूबाजूला बघितलं. "बांगडी वाढवत्यात, तसलं वाढवायचं!"

शांतव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यय्यो! आमच्या घरात कन्नड बोलत्यात यव्वा. वाढवायचं म्हंजे मला वाढवायचंच वाटलं. शतावरी दिली की मी, खारीक-डिंक घालून."

बायडाबाई मटकन खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग पदरानं डोळे पुसत सगळं सांगून टाकलं. रोगाचं, लेकाचं आणि पेठेतल्या डॉक्टरच्या खुर्चीचं. वाटलं होतं, म्हातारी आता उठून लांब बसेल. म्हातारीनं तिला शेंगांची परडी पुढं केली.

"खा. आन् ऐक. आता पोटात काड्या घालणारी मिळंल तुला कुठंबी, पर सून मिळायची न्हाय. गडहिंग्लजला आमा दायांना बोलवून सांगितलंय. त्या रोगाच्या बायांना गोळी आलीया एक. बाळंतपणात द्यायची. लई पोरं चांगली निघत्यात म्हणं. तू आदी त्या दवाखान्यातल्या बाईचं पुरतं ऐकून घे. अर्धं ऐकून पळत सुटायची खोड हाय तुला."

घरी आल्यावर बायडाबाईनं सुनेला समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. 'पाडायचं' हा शब्द त्या दिवशी तिच्या तोंडातनं पहिल्यांदा बाहेर पडला आणि क्रांतीच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. ती दोन दिवस बोलली नाही. म्हशींशीसुद्धा नाही. बायडाबाईला वाटलं, संपलं आता. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रांती रिकामा पेला घेऊन चुलीपाशी आली.

"पुड्या सपल्या व्हय?"

"सप..." बायडाबाईनं शब्द तिथंच तोडला. "वाढल्या."

"मग आणा की अजून," क्रांती म्हणाली. "पर आता दवाखान्यात मी इचारीन आन् तुमी गप बसायचं."

सुष्मिताताईनं दोघींना बघितलं आणि दार लावून घेतलं. या वेळी तिनं सगळं सांगितलं. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. कळा सुरू झाल्या की आईला गोळी आणि जन्मल्यावर बाळाला औषधाचे थेंब. तरीही धोका पुरता जात नाही, पण बराच कमी होतो. बाळाचं खरं काय ते दीड वर्षांनी रक्त तपासल्यावरच पक्कं कळेल. नेसरीचं ऐकून मात्र ताईचा आवाज चढला.

"मावशी, नको असलं तरी इथंच यायचं होतं. इथं ते कायद्यानं होतं, नीट होतं आणि कुणाला सांगितलं जात नाही. तुमच्यासारख्या लपवायला म्हणून कुठंकुठं जातात, आणि रोगानं नाही, त्या काड्यांनी मरतात." मग तिनं क्रांतीकडं वळून विचारलं, "तुला काय पाहिजे?"

इतक्या दिवसांत हे कुणी क्रांतीला विचारलंच नव्हतं. तिनं सासूकडं तिरक्या डोळ्यानं बघितलं आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "वाढवायचं हाय!"

बायडाबाईला असं हसू फुटलं (हो, हसू फुटतं, त्याला वाढलं म्हणत नाहीत) की खोलीबाहेरच्या बायका आत डोकावून गेल्या.

मे महिन्यात पोरगी झाली. गोळी वेळेवर मिळाली, थेंब वेळेवर मिळाले. अंगावर पाजायचं का वरचं दूध द्यायचं, हे ताईनं दोन्ही बाजूंनी समजावून सांगितलं. म्हशी दारातच होत्या, तेव्हा क्रांतीनं वरचं निवडलं. बाळाची वाटी-चमचा बायडाबाई अशी उकळायची की अमरसिंह म्हणायचा, "आई, चमचा इरघळंल." पोरीचं नाव सौंदर्या ठेवलं. अमरसिंहानं लांबचा टँकर सोडला, गावातल्या गावात दूध पोचवू लागला. त्याच्या आणि क्रांतीच्या रक्ताची तपासणी होत राहिली. पुढं त्याला रोजच्या गोळ्या लागल्या, त्याही दवाखान्यातनंच मिळायला लागल्या. गोळीची वेळ झाली की बायडाबाई तांब्या वाजवायची. गल्लीला वाटायचं, म्हातारीला देवाचं याड लागलंय.

पण ते दीड वर्ष! पोरीला सर्दी झाली की बायडाबाईच्या काळजात लक्क व्हायचं. दात उशिरा आला की ती देव पाण्यात घालायची. वरवर हसायची, पण एक गाठ पोटात तशीच होती. आपण आपल्या हातानं या पोरीला मारायला निघालो होतो, आणि देवानं त्याचं उट्टं काढलं तर?

दोन हजार पाचची दिवाळी झाली आणि रक्त दिलं. निकालाच्या दिवशी तिघी त्याच खोलीत. ताईनं कागद उघडला. बायडाबाई म्हणाली, "बाई, तुमचं ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मला सांगू नका. पोरीला रोग हाय का? व्हय का न्हाय, तेवढं बोला."

"न्हाय, मावशी," ताई म्हणाली. तीही कोल्हापुरीवर आली होती. "न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा बायडाबाईला 'न्हाय' हा शब्द गुळासारखा लागला. क्रांतीनं पोरीला छातीशी आवळलं आणि ओक्साबोक्शी रडली. बायडाबाईनं ताईच्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या रविवारी तिघी नेसरीला गेल्या. शांतव्वाला लुगडं, खण आणि पेढे. म्हातारी आता अजून वाकली होती, पण शेंगा फोडत तिथंच बसली होती. बायडाबाईनं नातीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "शांतव्वा, तुझी मराठी कच्ची, म्हणून वाचली गं ही! देवानं तुला मराठी शिकवली न्हाय, लई उपकार झालं."

शांतव्वा बोळक्या तोंडानं हसली. "कच्ची? यव्वा, चाळीस वर्सं बायांची बाळंतपणं केली मी. निम्म्या बाया असंच म्हणत यायच्या. वाढवायचं हाय. मला पयल्या फटक्याला कळलं हुतं."



"मग?" बायडाबाईचा आवाज बारीक झाला.

"वीस वर्सामागं एक पोर गेली माझ्या हातनं. तीबी सासूसंगं आलती. सासू सरळ म्हणाली, पाडायचं हाय. मी काडी घातली. तवापास्नं सोडलं मी ते." म्हातारी पोरीच्या तळव्यावरनं अंगठा फिरवत होती. "तू आलीस. मी न्हाय म्हणाले असते तर तू दुसरीकडं गेली असतीस. आन् तुझ्या जिभंला तर तो शब्द पेलंना. ज्या बाईच्या जिभंला पेलत न्हाय, तिच्या मनाला कसा पेलला असता? तू वाढवायचं म्हणालीस. मी म्हटलं, वाढवू या."

बायडाबाई उठली आणि शांतव्वाच्या गळ्यात पडली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून हलत होत्या. मधे सापडलेल्या सौंदर्यानं चिडून आईकडं हात टाकला, आईच्या हातातली हिरवी बांगडी धरली आणि जोरात ओढली. कटकन आवाज झाला. काचा फरशीवर सांडल्या.

"अगं बाई, फुट..." क्रांतीनं जीभ चावली. सगळ्यांनी बायडाबाईकडं बघितलं.

बायडाबाई तोंड उघडणार, एवढ्यात सौंदर्यानं काचांकडं बोट केलं. त्या घरात दिवसातनं दहा वेळा जो शब्द तिच्या कानावर पडायचा, तोच तिनं मोठ्यानं म्हटला, "वाल्ली!"

"तथास्तु!" बायडाबाई आढ्याकडं बघून ओरडली. "ऐकलंस न्हवं गं वास्तू? पोरगी काय म्हणाली ते ऐकलंस न्हवं? म्हण, तथास्तु म्हण!" आणि वास्तूच्या उत्तराची वाट न बघता तिनं नातीचे मटामटा मुके घेतले.